होडी तांडेलाच्या हाती राहू द्या : पुण्यातल्या फोटो-सहल आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
पुण्यातील वन्यजीव छायाचित्रण सहलींचे आयोजक, कॅमेरा क्लबांचे पदाधिकारी आणि स्पर्धांचे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आत आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर हिवाळी सहलींची पत्रकं येऊ लागतात. सुंदरबन, भितरकनिका, गोव्याचं चोडण बेट, ऐरोलीचे फ्लेमिंगो, कोकणातली कांदळवनं, म्हणजे खारफुटीची जंगलं. यंदा माझ्याकडे सात पत्रकं आली. पाचांवर ‘हमखास’ हा शब्द होता. निघायची वेळ, नाश्त्याची वेळ, परतीची वेळ सगळ्यांवर होती. भरतीची वेळ एकावरही नव्हती. ती का असायला हवी, हे सांगायला हे पत्र लिहितो आहे.

मी कर्वेनगरला राहतो, नोकरी चिंचवडला. कॅमेरा हाती येऊन अठरा वर्षं झाली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांबरोबर मी फिरलो आहे. पुण्याजवळच्या कवडीपाटला, मुळा-मुठेच्या काठी, पहाटेच्या धुक्यात पोटावर झोपून पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा कसा धरायचा, हे तुम्हीच शिकवलंत. ते ऋण मी मानतो. आजोळ माझं वाघोटण खाडीच्या काठी, देवगड तालुक्यात, त्यामुळे होडी आणि खाडी लहानपणापासून अंगाखाली आहे. पण लिहायला बसवलं ते एका फोटोने.

तो फोटो तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला आहे. पुण्यातल्या एका प्रदर्शनात तो दर्शनी भिंतीवर होता. सुंदरबनातला वाघ, पोटापर्यंत चिखलात, तोंड उघडं, कान मागे, नजर थेट लेन्समध्ये. खाली प्रशस्तिपत्र. चार दिवसांत कितीतरी लोक म्हणाले, “काय एक्स्प्रेशन मिळालंय!”

तो कसा मिळाला ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

जानेवारीचा महिना. पुण्याहून आम्ही बारा जण कोलकात्याला गेलो, तिथून गाडीने गोदखाली आणि पुढे होडी. तिथले लोक इंजिनाच्या होडीला भुटभुटी म्हणतात. आवाजावरूनच नाव पडलेलं. सजनेखालीला परवाना घेतला, वनखात्याच्या नियमाप्रमाणे वाटाड्या सोबत घेतला. सुंदरबन व्याघ्र प्रकल्प 1973 चा, क्षेत्र तेव्हा 2,585 चौरस किलोमीटर, आणि 2022 च्या गणनेनुसार बंगालच्या या सगळ्या सुंदरबनात वाघ शंभराच्या आसपास. त्यातलं बरंचसं जंगल पर्यटकांना बंद आहे, जे खुलं आहे त्यात निरीक्षण मनोरे सोडले तर पाय टेकवता येत नाही. म्हणजे जे काही दिसायचं ते पाण्यावरून, दोन्ही काठांच्या दाट झाडीतून. वाघ न दिसता परत येणं हा तिथला नेहमीचा अनुभव. पहिले दोन दिवस आम्हालाही तोच आला आणि आमच्यात कुरबुर सुरू झाली. आयोजक बिचारा रात्री जेवताना कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमाराला माझीचा फोन वाजला. माझी म्हणजे होडी हाकणारा, आपल्याकडचा तांडेल. दुसऱ्या होडीवाल्याने वाघ कळवला होता. आम्ही पोचलो तेव्हा एका अरुंद खालाच्या, म्हणजे खाडीच्या फाट्याच्या, तोंडाशी तीन होड्या होत्या, पाठोपाठ आणखी दोन आल्या. ओहोटी लागलेली, काठाचा चिखल उघडा पडत चाललेला. वाघ झाडीतून उतरला आणि पाण्यात शिरला. त्याला पलीकडे जायचं होतं. पाण्याबाहेर फक्त डोकं आणि पाठीची एक रेघ. अंतर फार नव्हतं, दोन-तीन मिनिटांत तो पार झाला असता.

आमच्या होडीतून कुणीतरी ओरडलं, “पाठमोरा मिळतोय, आडवी घाला, आडवी घाला!” माझीने एकदा मागे वळून पाहिलं आणि होडी पुढे घेतली. शेजारच्या दोन होड्यांनीही तेच केलं. वाघापुढे आता लाकडाची आणि इंजिनांची भिंत होती. तो पाण्यातच वळला, आला त्या काठाला परत गेला. पाणी उतरल्यामुळे काठाला नुसता गाळ राहिला होता. त्यात तो रुतला. पुढचा पाय ओढून काढायचा, मागचा रुतायचा. तीन वेळा असं झालं. तिसऱ्या वेळी त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं, आणि मी सेकंदाला दहा फ्रेमच्या वेगाने त्याचे फोटो काढले.

त्या चेहऱ्यावर दमलेल्या, कोंडीत सापडलेल्या जनावराची भीती होती. घरी मोठ्या पडद्यावर फोटो पाहिला तेव्हा ती मला दिसली होती. तरी मी तो स्पर्धेला पाठवला.

संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून माझीला घसघशीत बक्षिशी दिली. त्याने नोटा खिशात घातल्या नाहीत. सुकाणूशेजारी बनबीबीची एक लहानशी तसबीर होती, तिच्यामागे खोचल्या. बनबीबी ही त्या जंगलाची देवी. मध काढणारे मौली, खेकडे धरणारे, लाकूडतोडे, हिंदू असोत की मुसलमान, तिचं नाव घेतल्याशिवाय आत जात नाहीत. रात्री त्याच्याशी मोडक्या हिंदीत बोलत बसलो. त्याचा काका खेकडे धरायला गेला होता, वाघाने नेला. वाघाचं नाव तो उच्चारत नव्हता, ‘मामा’ म्हणत होता. मामाची वाट अडवू नये, असं त्याच्या घरात लहानपणापासून सांगतात. मग आज का अडवलीत, असं मी विचारलं नाही. उत्तर तसबिरीमागे खोचलेलं होतं.

मित्रहो, आपण तांडेलाला टीप कशाबद्दल देतो, हे एकदा नीट आठवून पाहा. फ्लेमिंगोंच्या थव्यात होडी घातली की पक्षी उठतात, उठले की पंखांखालचा गुलाबी रंग दिसतो, आणि उतरताना आपण शंभराची नोट जास्त काढतो. जो लांब थांबला, इंजिन बंद करून बसला, त्याला ठरलेले पैसे मिळतात. एका मोसमात वीस होड्यांना हे पक्कं कळतं. पुढच्या वर्षी आपण सांगायच्या आधीच होडी थव्यात शिरते, आणि आपण म्हणतो, स्थानिक लोकांना निसर्गाची जाण नाही. त्यांची जाण आपण पैसे मोजून मोडली. उजनी धरणाच्या काठावर कुंभारगाव, डिकसळचे जे लोक आज आपल्याला पक्षी दाखवतात ते पिढीजात मासेमार. पाण्याची त्यांची समज आपल्याला दहा जन्मांत यायची नाही. त्यांच्या शेजारी बसून आपण “अजून पुढे घ्या दादा, अजून थोडं” म्हणत राहतो.

म्हणून पहिली विनंती अगदी साधी आहे. होडीत बसण्याआधी, सगळ्यांच्या देखत, टीपेची रक्कम ठरवा आणि सांगा की ती प्राणी दिसला न दिसला, जवळ आला न आला, तरी तीच राहील. थांबण्याच्या तासाचे पैसे वेगळे द्या. इंजिन बंद करून तासभर बसण्यात त्याचं डिझेल वाचतं, पण पुढची फेरी बुडते, ती भरून द्या. आणि कुठे थांबायचं, कुठून मागे फिरायचं, हे तांडेल सांगेल, होडीत दुसरं कुणी बोलणार नाही, हे पत्रकात छापा. तुम्ही छापलंत की सहलीला येणाऱ्याला ते मान्य करूनच पैसे भरावे लागतील, आणि त्या तिसऱ्या दिवशी सकाळी “आडवी घाला” म्हणणारा गप्प बसेल.

आता भरतीबद्दल. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण पुण्यात समुद्र नसल्यामुळे ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली नाही. ताडोबाला सकाळची सफारी सकाळीच असते. खाडीला सकाळ-संध्याकाळ कळत नाही, तिला पाणी कळतं.

आजोळी माझ्या सख्ख्या मामाच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण होडी लोटायची वेळ तो तिथीवरून काढायचा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा, पहाटेचा आकडा आणि दुपारचा आकडा. “चवथ, म्हंजे तीनाक भरती,” एवढं बोलून तो जाळं उचलायचा. पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला हे तोंडी जमायचं. हिशेब ठोकळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कोकणपट्टीला लागू पडतो. सुंदरबनात चालणार नाही, तिथे पाणी नद्यांतून आत चढायला वेळ घेतं, ते तिथल्या माझीलाच विचारायचं. आपल्या कोकणापुरतं मात्र घरच्या भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

याचा फोटोशी संबंध असा. खाडीतले पक्षी खायला उतरतात ते चिखल उघडा पडल्यावर. तुतवार, कुदळे, बगळे, खंड्या, सगळ्यांची पंगत ओहोटीला मांडली जाते. आपल्याला हवं असतं सकाळचं कोवळं ऊन. पण पौर्णिमेच्या सकाळी सहाला पाणी पार तळाला गेलेलं असतं. चिखल सगळा उघडा, पण अरुंद ओढ्यात होडी शिरणारच नाही. पुरेसं पाणी चढेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. अष्टमीला सहाला खाडी भरलेली, होडी कुठेही फिरेल, पण चिखल पाण्याखाली आणि पक्षी झाडांवर झोपाळलेले. पंचमी, षष्ठी, सप्तमीला भरती पावणेचार ते सव्वापाचला होऊन जाते. सूर्य वर येतो तेव्हा पाणी उतरणीला लागलेलं, काठाला चिखलाची पट्टी उघडी पडू लागलेली, आणि होडीखाली अजून पुरेसं पाणी. उतरत्या पाण्यावर होडी सोडून दिली की ती आपणहून सरकते, इंजिनाची गरज लागत नाही. मामा म्हणायचा, “गडबड करू नको, पाणी आपसूक नेता.”

महिन्यात असे दिवस पाच-सहाच येतात. ते शनिवार-रविवारी पडतीलच असं नाही. इथेच आपलं घोडं पेंड खातं, कारण आपल्याला रजा शनिवार-रविवारची आणि आयोजकाला बस भरायची शनिवार-रविवारची. तरी एका शनिवारची गोष्ट सांगतो. चौदा जण रात्री पुण्याहून निघून ताम्हिणी उतरलो, पहाटे खाडीवर पोचलो. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. तांडेल म्हणाला, आता नको, दहानंतर जाऊ. आमचा आग्रह आत्ताच. अर्ध्या किलोमीटरवर होडी गाळात बसली. इंजिन फुल्ल ठेवून बाहेर काढायचा प्रयत्न झाला, पंख्याने गाळाचा काळा फवारा मागे उडवला. मग चार जण उतरून ढकलायला लागले.

तिवराची श्वसनमुळं तुम्ही पाहिली आहेत, गाळातून वर आलेली पेन्सिलीएवढी, झाडाभोवती शेकड्यांनी. गाळात हवा नसते, म्हणून झाड ही मुळं वर काढून श्वास घेतं. त्या सकाळी आमच्या बुटांखाली ती मोडल्याचा आवाज मला ऐकू येत होता, कोवळी भेंडी मोडावी तसा. एका झाडाचं अर्धं अंगण आम्ही तुडवलं. खाली निवट्यांची बिळं होती. निवट्या हा मासा गाळावर चालतो, ओल्या कातडीतून श्वास घेतो, आपल्या बिळाभोवतीची वीतभर जागा दुसऱ्या निवट्याशी भांडून राखतो. ती सगळी वस्ती पंख्याखाली गेली. पत्रकावर भरतीची वेळ छापलेली असती तर हे झालं नसतं. त्या आयोजकाला मी दोष देत नाही. चौदा माणसांचा रेटा त्याच्यामागे होता आणि त्यातला एक मी होतो.

याच्या अगदी उलट जे पाहिलं तेही सांगायला हवं.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला 2017 पासून कांदळवन सफर चालवतात. होडीला इंजिन नाही, वल्हं आहे. मी गेलो तेव्हा वल्ह्यावर बसलेल्या ताईंनी पाण्यात जाताच एक तिवराचं पान तोडून हातात दिलं आणि म्हणाल्या, “चाटून बघा.” खारट लागलं. पानावर बारीक पांढरे कण होते. झाड मुळांतून आत आलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. जिभेला पहिल्यांदा कळलं. पुढे त्यांनी कांदळाच्या लांब हिरव्या शेंगा दाखवल्या. ते बी झाडावर असतानाच रुजतं, अंकुर फुटून वीत-दीड वीत वाढतं आणि मग खालच्या गाळात सरळ रोवलं जातं किंवा पाण्यावर तरंगत दुसरा काठ गाठतं. पांढरी चिप्पी दाखवली, जिला 2020 मध्ये आपल्या सरकारने राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं. फोटो तोपर्यंत एकही नाही. माझ्याबरोबरचा एक जण घड्याळ बघत होता.

मग त्यांनी एका वळणावर वल्हं गाळात उभं रोवलं, होडी त्याला टेकवली आणि गप्प बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नर खेकड्यांनी आधी बाहेर येऊन आपला एक मोठा नांगा हलवायला सुरुवात केली. कॉलर्ड किंगफिशर, ज्याच्यासाठी लोक गोव्यापर्यंत जातात, विसाव्या मिनिटाला समोरच्या वाकलेल्या फांदीवर येऊन बसला. निळी पाठ, पांढरी गळपट्टी. खाली झेपावला, खेकडा उचलला, फांदीवर आपटून आपटून त्याचे नांगे झाडले. आमच्यापासून तो पंधरा हातांवर असेल. खेकडा गिळून झाल्यावर चोच फांदीला पुसून तिथेच बसून राहिला. आम्ही निघालो तेव्हाही तो बसलेला होता. अठरा वर्षांत माझ्या होडीने न उडवलेल्या पक्ष्यांची यादी केली तर ती फार लहान होईल, त्यात हा एक आहे.

फोटोच्या दृष्टीनेही सांगतो, कारण तुमच्यासमोर तेही मांडायला हवं. इंजिन बंद असलेल्या होडीत कॅमेरा स्थिर राहतो. इंजिन चालू असताना ट्रायपॉड लावला तर थरथर थेट लेन्समध्ये चढते, आणि मग आपण शटरचा वेग दोन हजारांच्या वर नेतो, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता वाढवतो, आणि सावलीतल्या खंड्याचा निळा रंग करपतो. वल्ह्याच्या होडीत कडेला तांदळाची पिशवी ठेवून चारशे एमएमची लेन्स मी निम्म्या शटरवेगाने वापरली. सहाशेच्या लेन्सची गरज पडली नाही. जवळ जाण्यापेक्षा जवळ येऊ देणं हे जड लेन्सपेक्षा स्वस्तही पडतं. श्रीवर्धन तालुक्यात काळिंज्यालाही अशी कांदळवन सफर आहे, पुण्याहून सकाळी निघून गाठता येईल इतकी जवळ. आपल्या सहलींच्या नकाशावर ही गावं क्वचितच असतात.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो, त्यावर फार वाद व्हायचं कारण नाही. मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं विणीच्या दिवसांत तरी पूर्ण बंद करा. तो प्रतिस्पर्धी शोधत फिरतो आणि घरटं उघडं पडतं. उजनीकाठच्या भिगवणला कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकणं बंद करा. मी स्वतः पाहिलं आहे की होडीच्या इंजिनाचा आवाज आला की ते पाण्यावरून उठून मागे लागतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं येतं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला ते सुंदरबनहून आल्यावर कळलं.

आणि लाइफ जॅकेट. फोटो काढताना अडकतं म्हणून ते काढून पायाखाली ठेवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मे 2024 मध्ये उजनीच्याच पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. ती सफारीची होडी नव्हती, पण पाणी तेच आणि वाराही तोच. आपण तर वर एका बाजूला धाव घेतो. पक्षी डावीकडे दिसला की आठ माणसं त्यांच्या जड पिशव्यांसह डावीकडे. तांडेल ओरडतो तेव्हा त्याचं कुणी ऐकत नाही. जॅकेट अंगावर नसेल तर होडी सुटणार नाही, हा निर्णय आयोजक म्हणून तुम्हीच घेऊ शकता, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघू नका.

कुणी म्हणेल, पुण्याचा आणि खारफुटीचा संबंध काय. आपण चार दिवस जातो आणि येतो. मुठेचं पाणी मुळेला मिळतं, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीत थांबून पुढे रायचूरजवळ कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ समुद्राला. तिच्या मुखाशी कांदळवन आहे, अभयारण्य आहे. म्हणजे कवडीपाटला जे फेसाळ पाणी टाळून आपण फ्रेम लावतो, ते शेवटी खारफुटीच्याच मुळांशी जातं. कांदळवन आपल्या नदीचं शेवटचं गाव आहे असं मला वाटतं, आणि शेवटच्या गावात पाहुणे म्हणून जाताना आपण कसे वागतो याची मला काळजी आहे.

परीक्षकांना एक वेगळी विनंती. तुम्ही जे निवडता तेच पुढच्या हिवाळ्यात सगळे काढायला जातात. चौकट भरून चेहरा, थेट डोळ्यांत डोळे, हेच वर्षानुवर्षं वर येत राहिलं तर होड्या आणखी पुढे जात राहतील. प्रवेश अर्जावर तीन रकाने वाढवा: होडीतून काढला असल्यास इंजिन चालू होतं की बंद, त्या वेळी तिथे आणखी किती होड्या होत्या, आणि फोटो काढल्यावर प्राण्याने काय केलं. लोक खोटं लिहितील, ठाऊक आहे. पण लिहिताना एकदा थांबतील. माझ्या अर्जावर हे रकाने असते तर मला लिहावं लागलं असतं: चालू, पाच, परत फिरला आणि गाळात रुतला.

आयोजकांसाठी मी एक काम करून ठेवलं आहे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत कोणत्या शनिवार-रविवारी पंचमी ते सप्तमी येते, त्याची यादी पंचांगावरून काढली आहे. दोन्ही पक्ष धरले तरी असे दिवस मोजकेच निघाले. महिन्याच्या बैठकीला मी यादी घेऊन येतो. ज्यांना हवी त्यांनी घ्यावी, आपापल्या तांडेलाला फोन करून पडताळावी आणि मगच बस ठरवावी. एखादी सहल मधल्या वारी ठेवायला तयार असाल तर रजा टाकून मी नक्की येईन, आणि आणखी चार जण आणीन.

आणि ज्या क्लबाने माझ्या वाघाला प्रशस्तिपत्र दिलं, त्यांना ते मी या पत्रासोबत परत पाठवतो आहे. फोटो तुमच्या दालनात अजून लावलेला असेल तर उतरवावा. उतरवायचा नसेल, तर खाली तो कसा मिळाला ते लिहावं. मजकूर मी देईन.

आपला,
कर्वेनगरचा एक छायाचित्रकार